तीन किलोमीटरवरचं तिरुपुंगूर राहून गेलं

मा. संपादक साहेब,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत मागच्या महिन्यात तामिळनाडूच्या मंदिरांवर पानभर लेख आला. मी तो दोनदा वाचला आणि घरात मोठ्यानं वाचूनही दाखवला, कारण त्यातल्या निम्म्या गावांना आम्ही नवरा-बायको दीड वर्षापूर्वी जाऊन आलो आहोत. चिदंबरमच्या नटराजाचं सोन्याचं छप्पर, तंजावरचं दगडी शिखर, श्रीरंगमची एकात एक सात आवारं, सगळं बरोबर लिहिलंय. वैद्यीश्वरन कोविल या गावाला तर लेखकानं अर्धा रकाना दिला. पण त्यातला बराचसा नाडीभविष्यात गेला. अंगठ्याचा ठसा द्या, ताडपत्राची पट्टी निघते, त्यात आईबापाची नावं असतात वगैरे. आणि त्या गावाहून जेमतेम तीन किलोमीटरवरच्या तिरुपुंगूरचं नाव लेखात कुठंच नाही. राग नाही आला. आमच्या यात्रेच्या छापील पत्रकातही ते नव्हतंच. पण मी ते पाहिलंय, आणि माझ्यासारख्यानं ते पाहून गप्प बसणं बरं नाही, म्हणून हे पत्र. लांबलं तर आपण कापालच.

माझ्यासारखा म्हणजे कोण, ते आधी सांगतो. देऊळगाव राजा तालुक्यातल्या एका लहान गावात माझं घर. चार एकर कोरडवाहू, त्यात कपाशी आणि सोयाबीन. पण पंचक्रोशीत आम्हाला शेतीवरून कोणी ओळखत नाही. तीन पिढ्या आम्ही मृदंग मढवतो. पुडी म्हणजे तोंडावरचं कातडं बदलणं, त्यावरच्या काळ्या गोलाची शाई भरणं, वाद्या म्हणजे चामड्याच्या पट्ट्या ओढणं, त्यांत अडकवलेले लाकडी गट्टे ठोकून सूर जमवणं. पखवाज, ढोलकी, तबला, डफ, दारात येईल ते. त्यावरून आमची जात वाचकांना कळेलच, वेगळी लिहीत नाही. घरात भिंतीवर तीन फोटो आहेत : रोहिदास महाराज, गजानन महाराज आणि बाबासाहेब.

पौषात तूर घरात आली की आमच्या भागातून दक्षिणेच्या यात्रेच्या गाड्या निघतात. पन्नास माणसं, चौदा दिवस. मागच्या डिकीत आचाऱ्याची भांडी, गॅस, ज्वारीच्या पिठाचं पोतं आणि ठेच्याच्या बरण्या. आमच्या देऊळगावच्या बालाजीला लोक प्रतितिरुपती म्हणतात, तेव्हा इथल्या बालाजीला नारळ फोडून तिथल्या बालाजीकडे निघायचं, असा रिवाज. तिरुपती झालं, कांची झाली, मद्रास झालं. पोंगल नुकताच होऊन गेला होता. घरापुढच्या रांगोळ्या अजून पुसल्या नव्हत्या, आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना भाताची कापणी चाललेली. आमच्यासारख्या कपाशीच्या माणसाला एवढं पाणी पाहूनच धाप लागते. गाडीतले एक आजोबा खिडकीतून पाहत म्हणाले, “इथं जन्मलो असतो तं कर्ज काढाचं कामच नव्हतं.” कावेरीच्या पाण्यावरून तिथं काय भांडणं होतात ते मी पेपरात वाचलेलं होतं, पण त्यांचा मूड घालवला नाही.

चिदंबरम सकाळी केलं. दुपारी बारा ते चार तिकडची मंदिरं बंद असतात, हे आमच्या यात्रावाल्याला सातव्या दिवशीही पाठ झालेलं नव्हतं. म्हणून शिरकाळीला बंद दरवाजाबाहेर आम्ही पुरी-भाजी खाल्ली. शिरकाळी म्हणजे ज्ञानसंबंधरांचं गाव. तीन वर्षांच्या भुकेल्या पोराला पार्वतीनं दूध पाजलं आणि ते पोर गाऊ लागलं, अशी त्यांची कथा. आपल्याकडे ज्ञानोबांचं जसं लहान वयाचं कौतुक, तसं तिकडे संबंधरांचं. पण मला ते सगळं त्या दिवशी माहीत नव्हतं. मला माहीत होतं एवढंच की पुऱ्या तेलकट झाल्यात.

साडेचारला वैद्यीश्वरन कोविल. निम्मी गाडी नाडीवाल्यांकडे पळाली. आम्ही दोघं देवळात गेलो. तिथं महादेव वैद्य आहे. लोक मीठ-मिरे वाहतात, तळ्यात गूळ सोडतात. मंगळाचं स्थान म्हणूनही गर्दी असते. आणि आत पाऊल टाकताच मला आवाज आला.

आवाज तविलचा. नादस्वरम म्हणजे त्यांची लांब सनई, आणि तिच्या जोडीला जो ढोल वाजतो तो तविल. टीव्हीवर लग्नांत ऐकला होता, डोळ्यांसमोर कधी आला नव्हता. पूजा आटोपली, वाजवणारे खांबाला टेकले, तसा मी हळूच जाऊन समोर उकिडवा बसलो. तविलवाल्याचं वय साठीच्या पुढचं, कपाळभर भस्म, उघडं अंग. त्यानं पाहिलं की हा बाबा देवाकडे नाही, ढोलाकडे पाहतोय.

साहेब, इथं जरा थांबतो, कारण एवढं जवळून मी दुसरं काहीच पाहिलं नाही त्या चौदा दिवसांत. खोड फणसाचं, पिंपासारखं पोटात फुगलेलं. दोन्ही तोंडांना जाड कडी आणि कड्यांतून ओढलेली वादी, आपल्याकडे ओढतात तशीच आडवी-तिरपी. डाव्या तोंडावर आखूड काठीनं वाजवायचं, उजव्या तोंडावर बोटांनी. पण बोटं उघडी नाहीत. प्रत्येक बोटावर एकेक टोपी. मी हात पुढे केला, तर त्यानं एक टोपी काढून माझ्या तळहातावर ठेवली. कापडाच्या पट्ट्या खळीत बुडवून गुंडाळायच्या आणि वाळवून दगडासारख्या कडक करायच्या. आत घामानं काळी पडलेली, बाहेरून गुळगुळीत. मी ती माझ्या बोटात घातली, तर पेरावर अडकली. माझी बोटं वाद्या ओढून जाड झालेली. तो हसला. मी खुणेनं दाखवलं : मी वाजवत नाही, मी हे बांधतो. वादी ओढायची खूण कुठल्याही मुलखात एकच असते.

मग त्यानं फोन काढला. त्यात तमिळ बोललं की हिंदी ऐकू येतं. मी विचारलं, मृदंगमच्या डाव्या तोंडाला काय लावता? फोन म्हणाला, “सूजी.” म्हणजे ओला रवा. आपण धुम्याला, म्हणजे पखवाजाच्या डाव्या तोंडाला, कणीक लावतो, ते रवा लावतात, आणि वाजवून झालं की दोघंही खरवडून काढतात. एवढ्यात आमची अर्धी ओळख झाली. पुढं तो फोनमध्ये बराच वेळ काहीतरी बोलला आणि फोननं एकच वाक्य सांगितलं : “साहेब कल जाएंगे.” मी म्हटलं, नाही, आम्ही आजच जाणार, गाडी उभी आहे. त्यानं मान हलवली, पुन्हा बोलला. फोन पुन्हा म्हणाला, “कल जाएंगे.” असं तीनदा झालं. शेवटी त्यानं फोन खिशात घातला, ढोलाच्या कातड्यावर हात ठेवला, मग माझ्या छातीकडे बोट केलं, मग पश्चिमेकडे, आणि म्हणाला, “नंदनार. तिरुपुंगूर. थ्री किलोमीटर.” बाहेर येऊन रिक्षावाल्याला त्यानंच पत्ता सांगितला.

“साहेब उद्या जातील” हे काय होतं, ते मला महिन्यानं कळलं. तिथल्या शैव संतांत, ज्यांना नायनार म्हणतात आणि जे ६३ आहेत, त्यांत एकाचं नावच ते आहे : तिरुनाळैप्पोवार. “उद्या जाईन” म्हणणारे. तेच नंदनार. फोननं बिचाऱ्यानं नावाचं भाषांतर केलं होतं.

तिरुपुंगूर म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या खेड्याएवढं गाव. नावातला ‘पुंगू’ म्हणजे आपला करंज. तोच तिथला स्थळवृक्ष, म्हणजे देवळाचं मानाचं झाड. हे कळलं तेव्हा बायको म्हणाली, “म्हणजे घरचंच झाड.” आम्ही वाद्यांना करंजाचं तेल लावतो. वादी मऊ राहते आणि उंदीर लागत नाही.

मंदिर शिवलोकनाथाचं. आत गेलो, आणि पहिल्यांदा काही वेगळं वाटलं नाही. नंदी चांगला मोठा. पण आमच्या कामात एक सवय लागते. गट्टे ओळीत आहेत की नाही, पुडी मधोमध बसली की नाही, हे एक डोळा झाकून पाहायची. तशी नजर टाकली. दाराच्या मधोमध रेषा धरली, गाभाऱ्यातला दिवा धरला, आणि नंदी त्या रेषेवर नव्हता. एका बाजूला सरकलेला. आपल्याकडे महादेवाला नंदी बहुतेक नाकासमोर बसलेला असतो, त्याच्या दोन शिंगांतून आपण पिंड पाहतो. इथं नंदी वाट सोडून बसलाय. मी उठून आणखी बाहेर गेलो, थेट दाराशी, आणि तिथूनही दिवा दिसला. नंदीच्या वशिंडाच्या कडेनं, सरळ.

तिथल्या गुरुक्कलांनी, म्हणजे पुजाऱ्यांनी, कापूर लावला आणि “नंदनार, नंदनार” म्हणत हातानं नंदीला बाजूला ढकलल्याची खूण केली. तेवढ्यावरून गोष्ट कळली. बाकीची माझ्या भाच्यानं, तो हायस्कुलात मास्तर आहे, इंग्रजीतून वाचून सांगितली. ती थोडक्यात अशी.

नंदनार आदनूर नावाच्या गावचे, पुलैयर जातीचे. म्हणजे गावाबाहेर राहणारे, देवळात पाऊल टाकायची बंदी असलेले. आणि त्यांचं काम काय? देवळातल्या वाद्यांना चामडं पुरवणं. ढोल-नगाऱ्यांना कातडी आणि वाद्या, वीणेला आणि याळ नावाच्या वाद्याला तातीच्या, म्हणजे आतड्याच्या, तारा, पूजेला गोरोचन, म्हणजे गाईच्या पित्ताचा खडा. बाराव्या शतकात शेक्किळार यांनी सगळ्या नायनारांची चरित्रं ‘पेरियपुराणम’मध्ये लिहिली, त्यात हे सगळं आलंय. नंदनार तिरुपुंगूरला आले, दाराबाहेर उभे राहिले. आत जाता येत नाही, आणि बाहेरून पाहावं तर मधे नंदी. देवानं नंदीला सांगितलं, सरक. नंदी सरकला. नंदनारांनी बाहेरूनच दर्शन घेतलं. मग तिथं सखल जागा दिसली म्हणून देवळासाठी तळं खणून दिलं. गणपतीनं त्यांना खणायला मदत केली असं तिथले लोक मानतात, आणि तळं खणणारा गणपती म्हणून त्याला पुजतात.

त्या दाराशी उभा असताना मला माझा आजा आठवला.

आमच्या गावात विठ्ठल-रुक्मिणीचं देऊळ आहे. आज्याच्या तरुणपणी सप्ताह जवळ आला की देवळातला मृदंग ओट्याच्या खालच्या पायरीवर आणून ठेवायचे. आजा खाली मातीत बसून पुडी चढवायचा. शाई भरणं हे घाईचं काम नाही. लोखंडाचा कीस आणि भाताची खळ एकत्र मळायची, बोटानं पातळ थर द्यायचा, गुळगुळीत दगडानं घोटायचा, वाळू द्यायचा, पुन्हा थर. असे कितीतरी. मग वादी ओढायची, गट्टे ठोकायचे, थाप मारून ऐकायचं. सूर लागला की आजा लांब सरायचा. मग आतून कोणीतरी तांब्या घेऊन यायचं आणि मृदंग आत नेण्याआधी त्यावर पाणी शिंपडायचं. शुद्ध करायला. आता शाईवर पाणी पडलं की काय होतं? शाई फुगते, तडकते, आवाज बसतो. तिसऱ्या दिवशी निरोप यायचा, मृदंग नीट बोलत नाही, पुन्हा ये. आजा पुन्हा जायचा. पुन्हा शाई, पुन्हा तांब्या. आजा ही गोष्ट सांगताना हसायचा, म्हणायचा, “त्यायच्या सोवळ्यापायी माह्यी मजुरी दुप्पट व्हायची.” बाप हसायचा नाही.

मृदंग आत, आणि तो बोलता करणारा बाहेर. नंदनारांचं आणि आज्याचं एकच काम, एकच जागा. मधे किती शतकं गेली आणि किती मैल, ते सोडा.

अमरावतीला अंबादेवीच्या देवळात प्रवेश मिळावा म्हणून सत्याग्रह झाला तो १९२७ साली. पंढरपुरात साने गुरुजी उपोषणाला बसले ते १९४७ च्या मे महिन्यात, दहा दिवस. मदुराईचं मीनाक्षी मंदिर १९३९ च्या जुलैत उघडलं. आमच्या गावचं देऊळ यातल्या कुठल्याच तारखेला उघडलं नाही. ते हळूहळू, कुणाला न सांगता, कधीतरी उघडलं. आज मी आत जातो, मृदंग आत बसूनच लावतो, कोणी काही म्हणत नाही. फक्त तीन वर्षांपूर्वी देवळानं विजेवर चालणारा नगारा आणला. बटण दाबलं की घंटा आणि नगारा आपोआप. तेव्हा आम्हाला आत यायला मोकळीक मिळाली आणि आमचं काम बाहेर गेलं, असं मी गमतीनं म्हणतो. गमतीनंच घ्या.

तिरुपुंगूरला बायकोनं सगळं ऐकून घेतलं आणि रिक्षात बसल्यावर म्हणाली, “अवो, दगडाचा नंदी सरकला. मंग त्याले आत काहून नाही घेतलं?”

मला उत्तर आलं नाही. अजूनही नाही. आणि पुढची गोष्ट ऐकून तर प्रश्न वाढतो. नंदनारांना चिदंबरमला जायचं होतं. रोज म्हणायचे, उद्या जाईन. आपल्याला आत कोण घेणार, या विचारानं तो उद्या पुढं पुढं जात राहिला, आणि तेच नाव पडलं. शेवटी गेले, वेशीबाहेर थांबले. पुजाऱ्यांना दृष्टांत झाला, अग्नी पेटवला गेला, नंदनार त्यात शिरले आणि जटा-जानवं असलेला मुनी होऊन बाहेर आले, आणि नटराजासमोर गेले ते दिसेनासे झाले. भक्तांना ही कथा प्रिय आहे, तिचा मी अपमान करत नाही. पण माझं मन तिथं रमत नाही. माणसाला बदलून आत नेलं, यात देवळाचं काय बदललं? मला तिरुपुंगूर जवळचं वाटतं. तिथं नंदनार जसे होते तसेच राहिले आणि हलायचं ते नंदीनं.

चोखोबांच्या वाट्याला तर अग्नीही आला नाही आणि नंदीही हलला नाही. मंगळवेढ्याला गावकूस बांधताना ते कोसळलं आणि त्याखाली गेले, १३३८ साली. नामदेवांनी हाडं वेचली, ज्या हाडातून विठ्ठल ऐकू येईल ते चोखोबांचं, आणि महाद्वारासमोर समाधी केली. देवळाच्या बाहेर, पण समोर. पंढरपूरला गेलो की मी तिथं बसतो. उंबरठ्याला मी कसा शिवू, हे देवालाच विचारणारा माणूस आहे तो. आणि त्यांचं जन्मगाव मानतात ते मेहुणा राजा आमच्याच तालुक्यातलं.

भाच्यानं आणखी एक गोष्ट दाखवली, तेव्हा मात्र मी हातातलं काम खाली ठेवलं. अस्पृश्य कोण होते यावर बाबासाहेबांनी १९४८ साली इंग्रजीत पुस्तक लिहिलं. त्याच्या पहिल्या पानावर अर्पणपत्रिका आहे, तीन नावांची : नंदनार, रविदास, चोखामेळा. अस्पृश्यांत जन्मलेले आणि आपल्या भक्तीनं व सद्गुणांनी सर्वांचा आदर मिळवलेले तीन संत, असं तिथं म्हटलंय. आमच्या भिंतीवर रोहिदास आहेत, आमच्या तालुक्यात चोखोबा आहेत. तिसऱ्या नावाच्या दारात मी उभा राहून आलो होतो आणि मला पत्ताच नव्हता. तविलवाल्यानं ढोलावर हात ठेवून बोट दाखवलं नसतं तर मीही त्या दिवशी नाडीवाल्याच्या बाकावर बसलो असतो.

आता तामिळ संतांबद्दल दोन शब्द, कारण लेखात त्यांना “शैव कवी” म्हणून एका ओळीत गुंडाळलंय. तिकडच्या बहुतेक मोठ्या शिवमंदिरांत प्रदक्षिणेच्या वाटेवर हे ६३ जण ओळीनं उभे असतात. नुसती ओळ म्हणून आपण पुढं जातो. पण त्यात कोण कोण आहे पाहा. तिरुनीलकंठर कुंभार. आपले गोरोबा आठवतात. कण्णप्पर शिकारी, ज्यांनी देवाच्या डोळ्यातून रक्त येतंय म्हणून आपला डोळा काढून लावला. अतिपत्तर कोळी. एक धोबी. कारैक्काल अम्मैयार ही बाई. आणि नंदनार. शेक्किळारांच्या आधी सुंदरर नावाच्या संतानं या सगळ्यांची यादी गाणं करून ठेवली. सुंदरर जन्मानं पुजारी घराण्यातले, पण त्यात ते म्हणतात की “उद्या जाईन” म्हणणाऱ्याचाही मी दास. आपल्याकडे नामदेवांनी चोखोबांना जवळ घेतलं, तसं ते मला वाटलं.

आणि नायनारांतलेच अप्पर. त्यांच्या मूर्तीच्या खांद्यावर एक लांब दांड्याचं खुरपं असतं. मी चिदंबरमला ते पाहिलं तेव्हा वाटलं, कुणी शेतकरी संत असावा. ते शेतकरी कुळातलेच होते, पण खुरपं शेतासाठी नव्हतं. ते गावोगाव फिरायचे आणि देवळांच्या आवारातलं गवत काढायचे. गाणी म्हणायची आणि गवत काढायचं. आजही तिकडे लोक सुटीच्या दिवशी जमून देवळं झाडतात, तण काढतात, त्या कामाला अप्परांच्या खुरप्याचंच नाव आहे. आपल्या अमरावतीकडच्या शेंडगावात १८७६ साली जन्मलेल्या एका माणसानं हातात खराटा घेतला होता, ते वेगळं सांगायला नको. त्याच गाडगेबाबांनी पंढरपुरात चोखामेळ्यांच्या नावानं धर्मशाळा बांधली आणि पुढं बाबासाहेबांच्या शिक्षणसंस्थेला देऊन टाकली. तिकडे चिदंबरमला स्वामी सहजानंदांनी १९१६ साली नंदनारांच्या नावानं दलित मुलांसाठी शाळा काढली. दोन्हीकडच्यांना सुचलं ते सारखंच, एकमेकांना न विचारता.

तर माझं म्हणणं एवढंच. आपला लेख वाचून या पौषात पुन्हा गाड्या निघतील. यात्रावाले आपलं पान कापून पत्रक छापतात, मला ठाऊक आहे. त्या पत्रकात वैद्यीश्वरन कोविलपुढं तिरुपुंगूर हे एक नाव वाढवा. तासाभराचं काम आहे. चारनंतर जा. रिक्षावाल्याला “नंदनार” म्हटलं तरी पुरतं. दाराच्या मधोमध उभं राहा, एक डोळा झाका आणि दिवा पाहा. पोरं बरोबर असतील तर त्यांना विचारू द्या, नंदी वाकडा का बसलाय म्हणून.

आणि हो, दक्षिणेची पानं छापता तसं एखादं पान मेहुणा राजाचंही छापा. आमच्याकडून लोक कितीतरी दिवस प्रवास करून मद्रास पाहतात आणि मेहुणा राजा तासाभरावर असून निम्म्या गाडीनं पाहिलेलं नव्हतं. मी विचारलं होतं, म्हणून सांगतो. चोखोबांची बायको सोयराबाई, बहीण निर्मळा, मेहुणा बंका, मुलगा कर्ममेळा, अख्खं घर अभंग लिहिणारं होतं. असं घर सगळ्या महाराष्ट्रात क्वचितच सापडेल.

त्या संध्याकाळी आम्ही परतलो तेव्हा चाळीस मिनिटं उशीर झाला होता. गाडीतले लोक भडकले असतील म्हणून मी घाबरलो होतो. यात्रावाला चिडलाही, “काका, हे पत्रकात नाही, असं मनानं उतरता येत नाही” असं सगळ्यांसमोर बोलला. बायको रडकुंडीला आली. पण बघतो तर नाडीवाले अकरा जण अजून यायचेच होते, आणि ते आमच्यानंतर पाऊण तासानं आले. एकाची पट्टी सापडली नव्हती. दुसऱ्याच्या पट्टीत निघालं की मागच्या जन्मी तो राजा होता. त्यांना यात्रावाला काही बोलला नाही.

तविलवाल्याची ती टोपी माझ्याकडेच राहिली. मी परत द्यायला गेलो तर त्यानं मूठ मिटवून माझ्या खिशाकडे दाखवलं. नातू ती बोटात घालून ताट बडवतो. आवाज छान येतो.

पत्र इथं थांबवतो. दिंडीचे तीन मृदंग दारात आहेत, दोघांच्या पुड्या चढल्या, एकाची शाई अजून ओली आहे. आभाळ भरून आलंय आणि पाण्याआधी ती वाळायला हवी.

आपला,
एक मृदंग मढवणारा वाचक,
ता. देऊळगाव राजा, जि. बुलडाणा